गेटवरचा झेंडा

“इतिहासाची जबाबदारी कुणा एकाची नसते. ती अख्ख्या मानवजातीची असते,” गुरुप्रसाद जोगळेकर गंभीरपणे म्हणाले. हेच वाक्य त्यांनी मागच्या आठवड्यात तुंबलेल्या गटाराबद्दल म्हटलं होतं. फक्त मानवजातीच्या जागी तेव्हा दुसरा मजला होता.

“मी तरी वेगळं काय म्हणतोय?” समोर बसलेला डेल म्हणाला.

डेल अलाबामाचा, कतारच्या हमद पोर्टवर क्रेनचा इंजिनियर. फुटबॉलचा वर्ल्ड कप तीन महिन्यांवर आला, म्हणून परदेशी नोकरदारांच्या राहत्या कंपाउंडचे मॅनेजर असलेल्या गुरुप्रसादांनी सर्क्युलर काढलं होतं: प्रत्येकाने गॅलरीत आपल्या प्रेमाचा झेंडा लावावा. कुणी ब्राझीलचा लावला, कुणी अर्जेंटिनाचा. डेलने लावला तो लालभडक, त्यावर निळी फुली, फुलीत पांढरे तारे. गुरुप्रसादांना तो कुठल्याशा क्लबचा वाटला. रंग उठावदार म्हणून त्यांनी फोटोही काढला. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा तो झेंडा आहे, हे त्यांना कळलं ते घानाच्या इमॅन्युएलमुळे.

इमॅन्युएल गेटवरचा सिक्युरिटी, आणि डेलची गॅलरी गेटच्या बरोबर वर. झेंडा लागला त्या दिवशी इमॅन्युएलने खुर्ची उचलली आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली, भर ऑगस्टच्या उन्हात. गाडी आली की तिथून धावत यायचा, गेट उघडायचा, परत जायचा. डेलने तक्रार केली: माणूस जागेवर नसतो, बदला. त्या तक्रारीवर गुरुप्रसादांची सही पडली की एजन्सी इमॅन्युएलला घरी पाठवणार होती.

“माझ्या खापरपणजोबांकडे एक खेचर होतं. गुलाम एकही नव्हता,” डेल म्हणाला. “जहाजं उत्तरेची, कापूस घेणारे इंग्रज, माणसं विकणारे या इमॅन्युएलच्याच किनाऱ्यावरचे राजे. मग दोष आमच्याच झेंड्याचा का? माझ्यासाठी ती आजोळची आठवण आहे.”

माणूस वाईट नव्हता. इमॅन्युएलला रोज गार पाण्याची बाटली द्यायचा. हल्ली रस्ता ओलांडून द्यायचा.

गुरुप्रसाद छत्री उघडून पलीकडे गेले. “तुमच्या राजांनीही माणसं विकली म्हणतात.”

“विकली, सर. आमच्या गावात त्या राजाचं घर अजून आहे.”

“मग?”

“त्यावर कुणी झेंडा लावत नाही. आणि मला कुणी त्याखाली बसवत नाही.”

गुरुप्रसाद परतले तेव्हा रत्नागिरीचे स्टोअरकीपर नसरुद्दीन ऑफिसच्या दारात उभे होते.

“साहेब, सही करू नका. पोरगा चांगला हाय.”

“सही कोण करतंय? पण डेलला झेंडा काढ तरी कसं म्हणू? प्रेमाचा झेंडा लावा, असं मीच लिहून बसलोय.”

“मग काय, अल्लाच्या हवाली?”

“नाही. सुधारित सर्क्युलरच्या हवाली.”

पुण्यात सोसायटीचा सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: भांडण तत्त्वावरून पेटतं आणि नियमाने विझतं. संध्याकाळी नोटीस लागली. यापुढे फक्त वर्ल्ड कपला पात्र ठरलेल्या देशांचेच झेंडे.

डेलने ती दोनदा वाचली. “अमेरिका पात्र आहे.”

“मग अमेरिकेचा लावा. आजोळचा संघ यादीत दिसत नाही.”

डेल हसला नाही, पण वादही घातला नाही. नियम सगळ्यांना सारखा होता. सकाळी त्याच्या गॅलरीत अमेरिकेचा झेंडा होता आणि इमॅन्युएल गेटच्या सावलीत. गुरुप्रसादांनी तक्रारीवर ‘निकाली’ असं लिहिलं आणि चहा मागवला.

नसरुद्दीन शिडी घेऊन यादीत नसलेले बाकीचे झेंडे उतरवत फिरत होते. फिरत फिरत ते गुरुप्रसादांच्या गॅलरीपाशी आले.

“साहेब, पंधरा ऑगस्ट तोंडावर आलाय. आपला ऱ्हाऊ दे की. कोन बघतो?”

“डेल बघतो.”

गुरुप्रसाद स्वतः स्टुलावर चढले. तिरंगा उतरवला, केशरी वर येईल अशी घडी घातली, आणि कपाटात ठेवला.

भारत पात्र ठरलेला नव्हता.