एका किल्लीत

"मार!" तात्या बॉनेटखालून ओरडले.

आत बसलेल्या लेकीने किल्ली फिरवली. खट्ट. एवढाच आवाज आला आणि गाडी पुन्हा गप्प.

"बॅटरी उतरली असेल."

"दिवे तर लख्ख लागलेत, बाबा."

"मग वायरीचं टोक सैल असेल. तू हात लावू नकोस. मी आहे ना!"

लेक गाडी न्यायला आली होती. आई गेली, बाबा गाडी चालवत नाहीत, तेव्हा उभ्या उभ्या गंजण्यापेक्षा आपल्याकडे येऊ दे, असं तिचं म्हणणं होतं. तात्यांनी बरेच दिवस आढेवेढे घेतले आणि शेवटी एका अटीवर होकार दिला. गाडी ओढून न्यायची नाही. "तुझ्या आईची गाडी आहे ती, भंगार नाही. दारातून आपली आपण चालत जाईल," ते म्हणाले होते. म्हणून सकाळी शेजाऱ्यांनी ती कोपऱ्यावरून ढकलत दारात आणून दिली होती आणि तात्या बाह्या सरसावून तिच्या मागे लागले होते.

तात्यांची उभी हयात जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात गेली. पंख्याची असो की पंपाची, मोटार कानाने ओळखणारा माणूस. बायको परिचारिका. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची, म्हणून ही छोटी गाडी. बायकोला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची आणि तात्या थट्टेने सिस्टरबाई म्हणायचे.

मग अर्धांगवायूने तात्यांचा उजवा हात लुळा पडला. हळूहळू हात हलू लागला, पण बोटांना काही कळेना. तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दाढी नाही, बोलणं नाही. अशात गाडीचा स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी छोटी मोटार, बिघडला. सिस्टरबाईंनी तो काढून आणवला, वर्तमानपत्रावर ठेवून थेट अंथरुणात त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "बाहेर देऊ, की तुम्ही बघताय?"

बाहेर! तात्या ताडकन उठून बसले. डाव्या हाताने, दातांनी, गुडघ्यात धरून त्यांनी तो स्टार्टर उघडला, आतले वीज पोचवणारे झिजलेले कार्बनचे ठोकळे बदलले आणि बंद करून परत गाडीत बसवायला दिला. त्या संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा ते दारातच उभे होते.

"काय म्हणते गाडी?"

"एका किल्लीत!" ती म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी दाढी केली. पुढे शेजारपाजारचे पंखेही दुरुस्तीला घेऊ लागले. रोज संध्याकाळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. कौतुक कुणाला आवडत नाही? तात्यांना तर ते जेवणाआधी लागायचंच.

त्याच सुमारास सिस्टरबाई गाडी दारात लावायची सोडून कोपऱ्यापलीकडे लावू लागल्या. दारातल्या झाडावरचे पक्षी घाण करतात म्हणे. आणि त्याच सुमारास स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता हरवला. "दवाखान्यातली एक गोळी इकडची तिकडे होऊ देत नाहीस आणि घरातला बत्ता हरवतेस!" तात्या महिनाभर चिडवत होते. ती हसायची आणि बाटलीच्या बुडाने मिरी कुटायची.

तात्यांनी बॅटरीची टोकं घासून लख्ख केली. जाड वायर हलवून पाहिली. इंजिनाला जोडलेली पट्टी आवळली. दर वेळी "मार!" आणि दर वेळी खट्ट.

"बाबा, आता स्टार्टरच राहिला."

"तो नाही. तो मी केलाय."

"तरी पण..."

"मी केलाय म्हटलं ना!"

लेक काही वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिली. मग तिने खाली वाकून सीटखाली हात घातला. हाताला लागलं ते जुन्या सुती ओढणीत गुंडाळलेलं होतं. ते घेऊन ती बाहेर आली आणि तात्यांच्या शेजारी उभी राहिली. ओढणी सुटली तशी तात्यांनी वस्तू ओळखली. स्वयंपाकघरातला बत्ता.

"किल्ली तुम्ही मारा," ती हळूच म्हणाली.

तात्या यंत्रवत आत जाऊन बसले. त्यांनी किल्ली फिरवून धरली. लेकीने वाकून स्टार्टरवर दोन ठोके दिले आणि गाडी धडधडत सुरू झाली.

त्यांनी ती बंद केली. खाली उतरून ते इंजिनात डोकावले. स्टार्टरच्या अंगावर एकाच ठिकाणी रंग उडाला होता आणि तिथे पत्र्याला लहान लहान पोचे पडले होते. एकावर एक. मोजता येणार नाहीत इतके.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"हो, रोज. मला शपथ घातली होती तिने. म्हणाली, हात गेला तेवढा पुरे. यांची उमेद मी जाऊ देणार नाही."

पांढऱ्या साडीतली बायको भल्या सकाळी कोपऱ्यापलीकडे बॉनेटखाली वाकलेली तात्यांना दिसली. आपण खिडकीत बसून गाडीचा आवाज ऐकून खूश व्हायचो. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त तिची आठवण आली. ते पायरीवर बसले आणि लेकीसमोरच रडले. लेक शेजारी बसली.

मग तात्यांनी बाहीने नाक पुसलं. "पाना आण. आधी बॅटरीची वायर सोड, नाहीतर भाजशील."

स्टार्टर निघाला, पायरीवर उघडला. चूक लगेच दिसली. एका कार्बनमागची स्प्रिंग त्याच्या पाठीवर बसण्याऐवजी बाजूला कडेवर अडकली होती. त्यामुळे कार्बन टेकत नव्हता, ठोका बसला की तेवढ्यापुरता टेकायचा. ज्याच्या बोटांना कळतं त्याच्या हातून असं झालं नसतं.

"बघतो मी, बसव तू," तात्या म्हणाले. "हां... अजून थोडी आत. टिक् होईल."

टिक् झालं.

दुपार कलताना स्टार्टर परत जागेवर बसला. सामान ठेवून झालं. लेकीने वाकून नमस्कार केला, आत बसली आणि किल्ली फिरवली. ठोका नाही, खट्ट नाही. गाडी सुरू झाली.

"एका किल्लीत, बाबा!" काचेतून डोकं बाहेर काढून ती म्हणाली. सूर थेट आईचा.

तात्यांनी मान हलवली. इतके दिवस ऐकलेलं वाक्य आज पहिल्यांदा खरं झालं होतं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते दारात थांबले, पायरीवरचा बत्ता उचलला आणि मग नेहमीच्या सवयीने, हे सांगायला, स्वयंपाकघराकडे वळले.

आत कुणी नव्हतं. फळीवर नुसता खल होता. तात्यांनी डाव्या हाताने बत्ता त्यात ठेवला. त्याच्या टोकाला स्टार्टरचा काळा रंग लागलेला होता. त्यांनी फडकं उचललं आणि न पुसताच परत ठेवलं.