धाकट्याचा लेयर

“डोळा मिटलात तुम्ही. माणूस गेला नाही,” थोरला म्हणाला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक टेकेल इतकी खुर्ची पुढे ओढून बसला.

डिझायनरबाईंनी धाकट्या भावाचा लेयर, म्हणजे चित्रातला त्याचा थर, नुसताच झाकला होता, हे खरं. लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की माणूस दिसेनासा होतो, पण फाईलमध्ये शाबूत राहतो. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याची डिस्क होती. तिच्या मेनूवर घरचा जुना फोटो. रिमोटने पुढे सरकलं की एकेकाचा चेहरा उजळणार, बटण दाबलं की त्याच्या शुभेच्छा सुरू होणार. त्यासाठी बाईंनी प्रत्येकाला कापून वेगळ्या लेयरवर ठेवलं होतं.

फोटो बहिणीने पाठवला, तिथेच थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली होती. धाकटा थोरल्याशी भांडून घराबाहेर पडला, तरी बहिणीचं धाकट्याशी गुळपीठ होतंच. म्हणून तर हा डोळ्यांत तेल घालून इथे बसला होता.

“आमच्या बहिणीचा फोन आला होता ना तुम्हाला?”

“आला होता. डिस्क कधी मिळेल विचारायला.”

“मला बनवू नका. पुसून टाका त्याला.”

बाईंनी पुसलं. मागच्या भिंतीचा रंग ओढून मोकळी जागा बुजवली. थोरल्याला बरं वाटलं, अगदी मनापासून. मग त्याने चष्मा वर केला.

“हा हात कसा राहिला?”

फोटोतल्या पोरसवदा थोरल्याच्या खांद्यावर चार बोटं होती.

“तुमच्या शर्टाबरोबर कापला गेला. थांबा, काढते.”

“काढताय काय! बाबांचा हात आहे तो.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “नापास झालो होतो मी तेव्हा. घरात कुणी बोलत नव्हतं. बाबाही नाही. पण फोटोच्या वेळी त्यांनी हात ठेवला. त्या हाताच्या जोरावर पुन्हा परीक्षेला बसलो.”

बाईंनी चित्र मोठं केलं. बाबांनी हाताची घडी घातली होती. दोन्ही हात स्पष्ट दिसत होते.

“काहीतरी कारभार केलाय तुम्ही. मूळ फोटो दाखवा.”

मूळ फोटोत थोरल्याच्या मागे धाकटा होता. उंची पुरत नव्हती म्हणून मान ताणून, हात वर करून त्याच्या खांद्यावर ठेवून उभा.

थोरल्याने खिशातला रुमाल काढून तो तसाच परत ठेवला.

“नुसता हात विचित्र दिसेल,” बाई हळूच म्हणाल्या. “काय करू?”

“पुसलेलं परत येतं?”

“फाईल बंद करेपर्यंत येतं.”

“मग आणा.” बाईंनी धाकट्याला आणून जरा पुढे सरकवलं, तसा थोरला खेकसला, “पुढे नको. होता तिथेच राहू दे. हात पोचतो त्याचा.”