वाफ्यातली हिरवी डोकी

मार्सेलीनबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या वाफ्याकडे पाहिलं. ॲस्परॅगसच्या वरंब्यांवर हिरवी डोकी! एक नाही, दोन नाही, शे-दीडशे. चांगली वीत वीत वर आलेली.

लुआर नदीकाठच्या त्या वाळूच्या गावात याहून मोठी बेअब्रू नाही. तिथे ॲस्परॅगसचा कोंब मातीच्या पोटातूनच पांढराशुभ्र काढायचा. वरंब्याला तडा गेलेला दिसला की भल्या पहाटे गुडघे टेकायचे, कोपरापर्यंत हात घालून पटाशीने तो तोडायचा. ऊन लागलं की कोंब हिरवा झालाच, आणि मालक गावाच्या तोंडी. कुणाच्या वाफ्यात हिरवं दिसलं की शेजारी टोपी हातात घेऊन दाराशी येतात आणि हळूच विचारतात, "कोण गेलं?" जितंजागतं माणूस असं होऊच देणार नाही, ही तिथली समजूत.

मार्सेलीनबाई चांगल्या जित्याजागत्या होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या, पण जित्याजागत्या! फक्त कंबर धरली होती मेली. दहा दिवस वाकता आलं नव्हतं.

आणि नेमका आज रविवार. दुपारी मुलगा रेमी आणि सून कोरिन जेवायला येणार. रेमीच्या खिशात ब्लुआ शहरातल्या वृद्धाश्रमाचा अर्ज असणार. फेब्रुवारीत एकदा, फक्त एकदा, दूध करपलं, तेव्हापासून त्याचं हे टुमणं चालू होतं. ईस्टरला तो म्हणाला होता, "आई, यंदाचा वाफा तुला झेपला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झेपला, तर मुकाट्याने सही करायची." बाईंनीही तोऱ्यात "ठरलं!" म्हणून टाकलं होतं.

आधी त्यांना लपवालपवी सुचली. सगळं हिरवं खुडून खताच्या ढिगात पुरायचं आणि शेजारच्या फिर्मँकडून पांढरी जुडी आणायची. त्या लाकडी स्टूल ओढत वाफ्यात गेल्या, त्यावर बसल्या आणि कोंब खुडायला लागल्या. कट् कट् आवाज करत कोंब हातात येत होते. पटाशी नको, गुडघे टेकणं नको. तीन ओळी झाल्या तरी कंबरेने हूं की चूं केलं नाही.

बाई थांबल्या. मांडीवरच्या ढिगाकडे बघत राहिल्या.

त्यांची आजी वाड्यावरच्या जमीनदारांकडे स्वयंपाकीण होती. मटार निघायच्या आधीच मटार हवा, असा त्या थोरामोठ्यांचा राजाच्या काळापासूनचा हट्ट. मग आजी हिरव्या कोंबांचे मटाराएवढे तुकडे करून त्यांना खाऊ घालायची. बाईंना ते लग्नाआधी येत होतं. लग्नानंतर नवऱ्याने, आता देवाघरी असलेल्या ओग्युस्तने, एकदाच बजावलं होतं, "माझ्या घरात हिरवा कोंब शिजणार नाही. लोक काय म्हणतील?" आणि त्या गप्प बसल्या होत्या. छप्पन्न वर्षं!

"ओग्युस्त, आज शिजणार," बाई मोठ्याने म्हणाल्या. "काय करायचं ते कर."

शेवटची ओळ त्यांनी मुद्दाम तशीच उभी ठेवली.

घरात येऊन त्यांनी सुरी घेतली. कोंबाचा कोवळा भाग तेवढाच घ्यायचा. सुरी अडली की थांबायचं. तुकडे लहानमोठे होत होते. होईनात का! शेंगेतले मटार तरी कुठे एका मापाचे असतात? तुकडे मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून निथळले, मग लोण्यावर परतले. पातीचा कांदा, पार्सलीची काडी, चमचाभर पीठ, चिमूटभर साखर, पळीभर पाणी.

तेवढ्यात पुढच्या दारातून मंडळी आलीच. कोरिनने गालाला गाल टेकवला आणि लगेच शेगडीकडे नजर टाकली.

"आई, गॅसपाशी मी उभी राहू का?"

"कशाला? गॅस पळून जाणार आहे का?"

अंड्याचा पिवळा बलक सायीत फेटायचा होता. आच जरा जास्त झाली की बलक फुटतो आणि सगळ्याचा चोथा होतो. बाईंनी गॅस बंद केला, मनात वीस मोजले, मग बलक ओतला. वर जायफळ किसलं. दोघं मागे टक लावून उभी होती. रस्सा मऊ, पिवळसर, दाट झाला. फुटला नाही.

रेमीने पहिला घास घेतला, मग अख्खं ताट संपवलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पावाने ताट पुसून तो म्हणाला, "फक्कड झालंय! पण मटार कुठून आणलेस? आमच्याकडे अजून फूलसुद्धा धरलं नाही."

"मटार नाहीत. आपल्या वाफ्यातली हिरवी डोकी आहेत."

रेमी उठून खिडकीपाशी गेला. उभी ओळ बघून त्याचा चेहरा पडला. परत येऊन त्याने खिशातला अर्ज काढला आणि ताटाशेजारी ठेवला.

"म्हणजे नाहीच झेपलं, आई. आपलं ठरलं होतं."

"वाफा झेपला तर, असं ठरलं होतं. आत्ता खाल्लंस ते कुठून आलं? वाकणं झेपत नाही, हे मान्य. तेव्हा मी वाकणार नाही. कोंब वर येतील, मी स्टुलावर बसून खुडीन. वरंबे मोडायचे आणि जमीन सपाट करायची. ते काम तुझं."

"गाव हसेल!" कोरिन म्हणाली.

"हसू दे! गाव हसेल म्हणून छप्पन्न वर्षं हे ताट मी मांडलं नाही. मूर्खच होते मी! रेमी, या कागदावर सही कुणाची लागते?"

"तुझी."

"मग नाही करत, जा."

तेवढ्यात दारावर हलकीशी टकटक झाली. काचेतून फिर्मँ दिसला. नुकताच चर्चमधून आलेला, टोपी छातीशी धरलेली, चेहरा लांब झालेला. सकाळी कुंपणावरून त्याने वाफा पाहिला असणार. रेमीचे कान लाल झाले. तो घाईघाईने उठायला लागला.

"तू बस," बाई म्हणाल्या. "दार मी उघडते."

एक हात कंबरेवर ठेवून त्या सावकाश गेल्या आणि दार सताड उघडलं. फिर्मँ त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याच्या तोंडातून नेहमीचा प्रश्न अर्धाच बाहेर आला, "कोण..."

"कुणी नाही गेलं," मार्सेलीनबाई म्हणाल्या. "ये आत. जेवून घे."