गळतीचा रकाना

शाळा सोडलेल्या पोरांचा वर्ग मी ठाण्याजवळ दिवा गावात सहा वर्षं चालवतेय. दुपारी दोन ते पाच. सकाळी का नाही? कारण सकाळी ही पोरं पाण्याच्या टँकरच्या रांगेत असतात. हे मी वर्तकनगरच्या आमच्या संस्थेला तीनदा लिहून कळवलं, तर त्यांनी मूल्यमापनाला सलिलला धाडलं. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब.

"सरोजताई, तुमच्याकडे गळती फार आहे. नऊ मुलं गेली."

"अरे, गेली म्हणजे पालिकेच्या शाळेत परत गेली. त्यासाठीच तर वर्ग आहे."

"पण पटावरून कमी झाली ना? विठ्ठलवाडी केंद्र बघा, गळती शून्य."

विठ्ठलवाडीत तीच पंधरा मुलं चार वर्षं बाराचा पाढा म्हणतायत, हे मला पक्कं ठाऊक. त्यांना यंदा उत्तम केंद्राची ढाल मिळाली. माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे पेशंट बरा होऊन घरी गेला, की दवाखाना नापास?"

"रकाना मी नाही बनवला, ताई," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. "दहावं मूल गेलं की केंद्र बंद, एवढं लक्षात ठेवा."

तेवढ्यात विनिता आली. चौदा वर्षांची. आईबाप पहाटेच कामाला जातात, त्यामुळे टँकरपायी दोन वर्षांपूर्वी तिची शाळा सुटलेली. आता तिच्या हातात पालिकेच्या शाळेचा अर्ज होता, आठवीचा. आज शेवटचा दिवस, आणि त्यावर माझी सही हवी होती.

खोटं कशाला बोलू, तिला पुढच्या वर्षी जा म्हणावं असं मनात आलं. राहिलेल्या बारा पोरांचं काय, हेही आलं. पण ती दोन वेण्या घालून, दप्तर पाठीला लावून आलेली. केली सही. सलिलने नवाचे दहा केले, आणि टॅबवर आमच्या केंद्राचं नाव लाल झालं, म्हणजे बंद.

विनिताने अर्ज जपून दप्तरात ठेवला.

"बाई, टँकरला आता सान्वी थांबणार," ती म्हणाली. सान्वी तिची धाकटी बहीण, पाचवीतली. "तिची शाळा सुटेल, पण तुमचा वर्ग दोनला असतो ना, म्हणून आई हो म्हणाली. उद्या तिचं नाव लिहून घ्याल?"

मी सलिलकडे बघितलं. "हे कुठल्या रकान्यात घालतोस, घाल."

तो टॅबवर बोट फिरवत रकाना शोधू लागला. विनिता दारातच उभी होती, माझं हो ऐकायला.