फक्रुद्दीनदादांचा कुलर

"डॉक्टर, घर आजारी पडतं का हो?"

रांगेत एकच खसखस पिकली. शाळेतल्या तपासणीत हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रीण संस्कृतीने लावली होती. पैज सोडेल ती अर्शी कसली! गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही पोरगी हल्ली कुणाला आवरत नव्हती.

पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पडतं की. तुमच्याकडं खोकतं कोण?"

"सगळेच! अब्बा, अम्मी. धाकट्या सैफला तर दम्याचा पंप लागतो. धुळीनं होतं ते."

"आणि गावाला गेल्यावर?"

अर्शी आठवू लागली. ईदला सगळे नेवाशाला नानीकडे राहिले होते. नानीचं घर रस्त्याला लागून, धूळ तर अशी की ताटावर ताट झाकावं. पण सैफचा पंप पिशवीतून बाहेरसुद्धा निघाला नव्हता.

"घरात ओल कुठं आहे ते बघ. बुरशी धरली असेल तर तीच श्वासातून आत जाते."

"पाथर्डीत ओल?" संस्कृती फिसकन हसली. "आमच्याकडं प्यायला टँकर येतो, बाई!"

घरी आल्या आल्या अर्शीने दप्तर फेकलं आणि सैफच्या पलंगामागचं लोखंडी कपाट खांद्याने रेटलं. मागची भिंत हिरवट-काळ्या लवेने भरून गेली होती. वास भपकन अंगावर आला, आणि गंमत म्हणजे तो तिचा लाडका होता. या वासाला ती इतकी वर्षं उन्हाळ्याचा वास समजत होती.

कोपऱ्यात कुलर घरघरत होता. अर्शीच्या आजोबांनी, फक्रुद्दीनदादांनी, तो आपल्या वेल्डिंगच्या दुकानात उरल्यासुरल्या पत्र्यांतून बनवला होता. कुणाच्या तरी फाटकाचा निळा रंग उरला होता, तोच त्याला फासलेला. दुपारी दादा बादलीने पाणी ओतायचे, वाळा भिजायचा आणि गल्लीतली पोरं त्याच्यासमोर आडवी व्हायची. पात्यांजवळ तोंड नेऊन "आऽऽऽ" करायचं, की आवाज थरथरत परत यायचा. दादा दटावायचे, "नाकं कापून घ्याल रे!" आणि पोरं गेली की स्वतःच हळूच एकदा "आऽऽऽ" करून बघायचे.

तेव्हा वर पत्रे होते. भिंत आणि पत्र्यामध्ये वीतभर फट, तिथून चिमण्या ये-जा करायच्या. अम्मी चिंध्या कोंबायला निघाली की दादा म्हणायचे, "राहू दे, बेटी. नवा वारा आत आला की जुन्याला बाहेर जायला नको?"

दादा गेले. अब्बांनी स्लॅब टाकला, सरकत्या काचा बसवल्या. कुलर मात्र जागचा हलू दिला नाही. गारवा जाऊ नये, धूळ येऊ नये म्हणून काचा घट्ट बंद.

संध्याकाळी अब्बा आले तेव्हा तिने त्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. अब्बांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग कुलरकडे.

"माझ्या बापाच्या हातची वस्तू आहे ती. तिला नावं ठेवतेस?"

"दादांचं बरोबरच होतं, अब्बा. त्यांनी फट ठेवली होती. बुजवली आपण."

अब्बा बोलायला गेले आणि खोकल्याने वाकले. अम्मी पाणी देत म्हणाली, "घ्या! तुमचा खोकलापण पोरीच्याच बाजूनं बोलतोय."

अब्बा पलंगावर टेकले. "त्याची घरघर ऐकू आली नाही तर मला झोप लागत नाही, अर्शी. वाटतं, अब्बाजी शेजारीच आहेत."

हे अर्शीला ठाऊकच नव्हतं. पण पलंगावर सैफ पाय हलवत बसला होता, पंप मुठीत धरून.

"घरघर येईल, खिडकीतून येईल," ती म्हणाली. "उद्या कुलर बाहेर ओट्यावर जाणार, खिडकीकडे तोंड करून. समोरची काच उघडी राहणार. पाणी मी भरणार. आणि ही भिंत घासून खडखडीत वाळेपर्यंत सैफ या खोलीत झोपणार नाही. मी ठरवलंय! आजपासून आम्ही दोघं अंगणात झोपतोय. तुम्हीपण या, सतरंजी मोठीच घातलीय."