जाड सुई

"ताई, सिरिंज तुम्हीच भरा ना. तुमच्या हाताला यश आहे," असं म्हणत चिमणीने काचेची कुपी माझ्यापुढे धरली.

चिमणी हे नाव मी तिला मनातल्या मनात ठेवलेलं. या बाईसाहेबांना इथे येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. सोनोग्राफीत रक्ताची वाट उजळ दिसावी म्हणून शिरेत जे बारीक बुडबुडे सोडतात, ते मी या प्रयोगशाळेत अठरा वर्षं बनवतेय. माझे चार मिनिटांत विरतात. हिने त्यांचं आवरण बदललं आणि हिचे म्हणे बारा मिनिटं टिकतात! सर उठता-बसता तिचं कौतुक करत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आज सरांसमोर चाचणी होती. माणसावर नाही, पाणी वाहत्या रबरी नळीवर. बारीक सुईतून जोरात ओढले की बुडबुडे फुटतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी पाठ वळवली, बारीक सुई लावली आणि सर्रकन ओढलं.

सिरिंज नळीत रिकामी केली, पण सोनोग्राफीच्या पडद्यावर नळी काळी ती काळीच राहिली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"काय गं, बारा मिनिटं म्हणाली होतीस ना?" सरांनी चष्मा काढला. "भरताना तर काही चुकलं नाही?"

"छे! ताईंचा हात नाही चुकत, सर," ती म्हणाली. "माझंच आवरण कच्चं असणार. बंदच करते हे." आणि उरलेली कुपी ओतून टाकायला ती सिंककडे निघाली.

मी सिंकपुढे जाऊन उभी राहिले.

"थांब," मी म्हणाले. "आण ती इकडे. मी बारीक सुई लावली होती."

"चुकून?" सरांनी विचारलं.

"नाही."

मी जाड सुई लावली. हळूहळू भरलं. नळी पांढरीशुभ्र उजळली आणि चौदा मिनिटं तशीच राहिली. सर पडद्याकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भरायचं काम चिमणीकडे गेलं. तिला जरा घाईच असते.

"हळू," मी म्हणते.

"हो ताई," म्हणून ती हळू ओढते.

अजूनही जळते मी तिच्यावर. पण कुपी मी धरते, आणि हलू देत नाही.