काटा, वरवंटा आणि बॉयलरचं अंडं

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अकोले तालुक्यातली एक वाडी आहे. तिथल्या अंगणवाडीच्या वाशाला मी टांगलेला असतो. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याची मला खात्री नाही. पण एकदा सांगून पाहतो.

नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पोटात स्प्रिंग, तोंडावर तबकडी, खाली कापडी झोळी. जीपच्या टपावरून मी इथे आलो. झोळीत बसवले की मुले रडत, आणि मी त्यांचे वजन सांगे. "काटा खोटं बोलत नाही," असे अंगणवाडीच्या अश्विनीबाई सगळ्यांना सांगत. ते ऐकून मला आनंद होई, आणि थोडी भीतीही वाटे. पुढे मला पुसणे कमी झाले. डोंगरातल्या दमट हवेने माझ्या स्प्रिंगला गंज धरला. कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

यंदा तीन वर्षांच्या पंकजाचे वजन साडेनऊ किलोवर अडून बसले. बाकीची मुले ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत उकडलेले अंडे खात. पंकजाची आजी चांगुणाबाई मात्र तिचे अंडे कच्चेच मागून घेई, "घरी उकडते" म्हणे आणि पदराखाली झाकून नेई. मला संशय आला. मदतनीस ज्योतीलाही आला.

"म्हातारीच खाती वाटतं," ती अश्विनीबाईंच्या कानात म्हणाली.

दुसऱ्या महिन्यातही माझा काटा साडेनऊवरच थांबला. पोरीचे दंड काडीसारखे झाले होते. अश्विनीबाईंनी सरळच विचारले, "मावशी, अंडं जातं कुठं?"

चांगुणाबाईने पदरातून तीन अंडी काढून सतरंजीवर ठेवली. "ही बघा. खुडूक कोंबडीखाली ठिवली हुती. एकवीस दिस झालं, एक बी पिल्लू न्हाई. बॉयलरच्या अंड्यात जीवच न्हाई, बाई. मंग पोरीला ताकद कुठनं यायची? उलट काय बाय व्हायचं."

"आणि बाकीची?"

"कुत्र्याला घातली. त्याला काय हुतं ते बघाया."

"मग काय झालं?"

"लई तकतकीत झालंय," ती नाइलाजाने म्हणाली.

ज्योतीने तोंडाला पदर लावला. अश्विनीबाई मात्र हसल्या नाहीत. "मावशी, पोल्ट्रीत कोंबडीजवळ कोंबडा नसतो, म्हणून त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. पण अंडं म्हणजे पिल्लाचा डबा. अंग भरायला, रक्ताला, डोळ्यांना लागतं ते सगळं त्यात बांधून दिलेलं असतं. पिल्लू झालंच नाही, तर डबा कोणी खाल्ला? तो भरलेलाच राहिला ना?"

चांगुणाबाईने सतरंजीवरचे एक अंडे उचलून हातात फिरवले. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "डब्याचं पटलं. पर ह्यो तुमचा काटा तरी खरा कशावरनं?"

मित्रांनो, माझी स्प्रिंग आतून थरथरली.

दुसऱ्या दिवशी ती घरचा वरवंटा घेऊन आली. किराणा दुकानातल्या काट्यावर तो आधी तोलून आणला होता: तीन किलो दोनशे ग्रॅम. तो माझ्या झोळीत ठेवला. माझा काटा तीनवर थांबला.

झोळी रिकामी केली, तेव्हा तो शून्याच्याही मागे सरकलेला दिसला. कधीपासून, देव जाणे. ज्या मुलांची वजने मी इतक्या तोऱ्यात सांगितली, ती सगळी मी दोनशे ग्रॅमने कमी सांगितली होती. आता भंगारातच जाणार, असे मला वाटले. पण अश्विनीबाईंनी डोक्यावरचा स्क्रू फिरवून मला शून्यावर आणले. पुन्हा वरवंटा ठेवला. आता तीन किलो दोनशे.

"चूक दावली की सुधारतोय. माणसापरीस बरा हाय," चांगुणाबाई म्हणाली. "आता अंडं हितंच उकडा. पर माझ्यासमोर. आन् चांगलं उकडा, कच्चं नगं."

पंकजाची खरी नोंद नऊ किलो सातशे ग्रॅम झाली. महिनाभर ती वरण-भात आणि उसळीबरोबर अंडेही खाऊ लागली. पांढरे आधी, पिवळे शेवटी, चाटून पुसून. पुढच्या वजनाला आधी वरवंटा चढला, मग पंकजा. माझा काटा दहाच्या पुढे गेला आणि तिथेच राहिला. दहा किलो शंभर ग्रॅम.

चांगुणाबाईने नातीच्या फ्रॉकच्या खिशात हात घालून पाहिले. दगडबिगड काही नव्हते. मग ती पायरीवर बसली आणि पदराने डोळे टिपत म्हणाली, "बाई, आता कुत्र्याला काय घालू?"

मित्रांनो, शंका घ्यायला माझी ना नाही. मी स्वतःच शंकेखोर आहे. पण शंका घेतली की ती तोलूनही पाहा, नाहीतर तिची किंमत एखादे लहान मूल मोजते. आणि तुमच्या गावच्या अंगणवाडीत माझ्यासारखा कोणी टांगलेला असेल, तर त्याला अधूनमधून पुसा. झोळीत मूल बसवण्याआधी, रिकाम्या झोळीने तो शून्यावर उभा आहे का, तेवढे बघा.